बांधलेले चाक

म्हसवड सोडून राजेवाडीच्या तलावाच्या अंगाने दिघंचीकडे निघाले, की सातारा जिल्हा कुठे संपला आणि सांगली जिल्हा कुठे लागला हे रस्ता सांगत नाही. दोन्हीकडे तोच माळ, तीच बाभळ, हंगामात शाळूची शेते, आटपाडीच्या बाजूला डाळिंबाच्या बागा. चढ आहेत, पण लांब आणि संथ. शिखर शिंगणापूरच्या डोंगरासारखे एकदम छातीवर येणारे नाहीत. अशा रस्त्यावर, कुठेही वेळेत पोचायचे नसताना, सायकल चालवत राहणे ही गोष्ट वरवर पाहता तत्त्वज्ञानाच्या दारात जाणारी नाही. तरी तिच्यात एक फार जुना प्रश्न आहे, आणि सायकलीच्या एका विशिष्ट प्रकारात तो लपून राहू शकत नाही असे मला वाटते. फळाची आशा सोडून कर्म करावे असे गीता सांगते. ही आशा सोडताना कर्त्याने कर्माच्या परिणामापासूनही हात झटकायचे असतात का? आपल्याकडे निष्कामतेचा जो अर्थ रोजच्या बोलण्यात रुळला आहे, तो या प्रश्नाला नकळत ‘हो’ म्हणतो. ‘आपण आपले काम करायचे, पुढचे देव बघेल’ हे वाक्य दुःखात धीर देते हे खरे, पण तेच वाक्य बेफिकिरीलाही आसरा देते. हा अर्थ चुकीचा आहे आणि गीतेलाही तो मान्य नाही, असे मला या लेखात मांडायचे आहे. त्यासाठी आधी मागच्या चाकाकडे पाहावे लागेल.

नेहमीच्या सायकलीच्या मागच्या चाकावर फ्रीव्हील असते. त्याच्या पोटात स्प्रिंगवर टेकलेले छोटे खटके असतात. पायडल पुढे मारले की खटके दात्यांत अडकतात आणि चाकाला ओढून नेतात. पाय थांबले की तेच खटके दात्यांवरून टिकटिक करत घसरतात. म्हणून उतारावर पाय स्थिर ठेवून बसता येते आणि चाक मिळालेल्या गतीवर धावत राहते. फिक्स्ड गिअरच्या सायकलीत फ्रीव्हीलच नसते. मागचे दातेरी चक्र थेट हबवर आवळलेले असते, त्यामुळे चाक फिरते तोवर साखळी फिरते, साखळी फिरते तोवर पायडल फिरते आणि पायडल फिरते तोवर पाय फिरतात. मुळात सगळ्या सायकली अशाच होत्या. पुढचे चाक माणसाएवढे उंच असलेल्या जुन्या सायकलीत पायडल चाकाच्या आसालाच जोडलेले असे. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही साखळीची सायकल आणली, तिच्यातही पाय आणि चाक एकमेकांना बांधलेलेच होते. सुटे चाक सर्रास झाले ते विसावे शतक उजाडताना. आज बांधलेले चाक उरले आहे ते ट्रॅकवरच्या शर्यतींत, आणि जगभरच्या काही हौशी लोकांच्या हातात, जे जुनी सायकल उघडून, छर्रे धुऊन, ग्रीस भरून, चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढून ती नव्याने उभी करतात. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलीला मागच्या आसासाठी आडवी खाच असते. साखळीचा ताण जुळवायला चाक त्या खाचेत मागेपुढे सरकवता येते, म्हणून असा बदल करायला ती सोयीची आहे.

या एका बदलाने चालवण्यात किती फरक पडतो हे आकड्यांनी पाहता येते. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला १८ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते, आणि २८ इंची चाकाची सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. ताशी १५ किलोमीटर या निवांत वेगाला पाय मिनिटाला सुमारे ४६ वेळा फिरतात. उतार लागून वेग दुप्पट झाला तर पायही दुप्पट वेगाने फिरतात, चालवणाऱ्याची इच्छा असो वा नसो. वेग नको असेल तर उतारावर पायांनी मागे रेटा देत चाकाला आवरावे लागते. वाऱ्याची झुळूक समोरून आली, डांबर संपून मुरूम लागला, टायरमधली हवा थोडी उतरली, तर प्रत्येक गोष्ट आधी तळपायाला कळते. उलट दिशेनेही हा व्यवहार चालतो. पायडल वर येऊन क्षणभर अडखळते त्या जागी फिरते चाकच पाय उचलून पुढे टाकते. चालवणारा चाकाला फिरवतो हे जितके खरे, तितकेच चाक त्याला फिरवते हेही खरे आहे. आणि पाय थांबल्यावर येणारी ती टिकटिक इथे नाही. रस्त्याचा आवाज तेवढा राहतो.

आता निष्काम कर्माकडे येऊ. दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक मराठी घरात बहुतेकांना पाठ असतो, पण त्याचा उत्तरार्ध फार कमी वेळा बोलला जातो. अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही, एवढे सांगून कृष्ण थांबत नाही. फळ हा कर्माचा हेतू होऊ देऊ नकोस आणि अकर्माची ओढही लावून घेऊ नकोस, असे तो लगेच बजावतो. या दुसऱ्या इशाऱ्याची गरज का पडली? फळ सोडल्यावर कर्मावरची पकड सैल होते, हा धोका त्याला दिसत होता म्हणून. पण माझ्या मते खरा निर्णायक पुरावा अठराव्या अध्यायात आहे. तिथे कर्माचे तीन प्रकार सांगताना २३ व्या श्लोकात सात्त्विक कर्माचे लक्षण फळाची इच्छा नसणे हे दिले आहे. त्यानंतर दोनच श्लोकांनी तामस कर्माचे लक्षण येते: अनुबंध, हानी, हिंसा आणि स्वतःचा वकूब यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म ते तामस. अनुबंध म्हणजे कर्माच्या मागून बांधल्यासारखे येणारे, त्याचा पुढचा परिणाम. गीतेने इथे दोन वेगळे शब्द वापरले आहेत. ‘फळ’ म्हणजे कर्त्याच्या पदरात पडणारे: पैसा, मान, पुण्य, स्वर्ग. ‘अनुबंध’ म्हणजे कर्मामुळे जगात जे घडते ते. फळाकडे पाहायचे नाही, अनुबंधाकडे पाहिलेच पाहिजे. फळ नको म्हणणारा सात्त्विक आहे, अनुबंध न पाहणारा तामस आहे, आणि बाहेरून दोघे सारखेच दिसतात! दोघेही म्हणतात, मला पुढचे काही नको. एकाचे ‘नको’ स्वतःपुरते असते, दुसऱ्याचे सगळ्या जगापुरते.

सुट्या चाकाचे आकर्षण या गोंधळात आहे. आपण एकदा जोर लावला, आता गतीचे गती पाहील, पाय उचलून बसावे. ही शारीरिक सोय हळूहळू वैराग्याचे चित्र बनते. बांधलेल्या चाकावर रमतगमत फिरण्यात मात्र दोन गोष्टी वेगवेगळ्या दिसतात, ज्या एरवी एकमेकींत मिसळलेल्या असतात. फिरण्याला हेतू नाही: शर्यत नाही, बाजार नाही, वेळेत गाठायचे गाव नाही. फळ म्हणावे असे त्यात फारसे काही उरलेले नसते. पण परिणाम मात्र पळभरही हातातून, किंबहुना पायातून, सुटत नाही. प्रत्येक फेऱ्याचा हिशेब त्याच फेऱ्यात होतो. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या गीता-प्रवचनांत कर्माला विकर्माची जोड मिळाली की अकर्म, म्हणजे करूनही न केल्यासारखे कर्म, निपजते, अशी मांडणी आहे. विकर्म म्हणजे त्यांच्या अर्थाने आतून दिलेली मनाची साथ. ही साथ म्हणजे नेमके काय, हे समजायला बांधलेले चाक उपयोगी पडते. मन दुसरीकडे गेले तर सुट्या चाकावर काही बिघडत नाही. बांधलेल्या चाकावर पाय लगेच आठवण करून देतो. आणि तरीही या लक्ष देण्यात तणाव नसतो, कारण मिळवायचे काही नसते.

फळ आणि अनुबंध हा भेद केवळ शब्दांचा नाही, हे म्हसवडच्या आसपासच्या या माणदेशाच्या मातीतच दिसते. १८७६-७७ च्या दुष्काळात इथली माणसे दुष्काळी कामांवर माती वाहत होती. राजेवाडीचा तलाव, सरकारी दप्तरातला म्हसवड तलाव, हे त्या दुष्काळात हाती घेतलेल्या कामांपैकी एक. त्याच काळात ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहावरून दुष्काळी कामावरच्या मजुराचा रोज दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतका खाली आणला गेला. मुंबई इलाख्यात मजुरांनी त्या रोजावर काम करायला नकार दिला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे निवेदनांमागून निवेदने धाडली. हा रोज ठरवणारे अधिकारी लोभी होते असे म्हणता येत नाही; त्यांच्या खिशात त्यातून काही जायचे नव्हते. फळाच्या दृष्टीने पाहिले तर ते निरिच्छच होते. त्यांनी नियम केला, आकडेमोड केली, तिजोरीचा विचार केला, आणि त्या एका पौंडावर दिवसभर माती वाहणाऱ्या शरीराचे काय होते याची जाणीव त्यांच्यापर्यंत पोचवणारी साखळीच मध्ये नव्हती. मी सुट्या चाकाची नीती म्हणतो ती हीच. आता म्हसवडच्याच तालुक्यातले, तिथून साताऱ्याकडे जाताना वाटेवर लागणारे गोंदवले पाहा. ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज (१८४५-१९१३) यांच्या चरित्रात येते, की दुष्काळात त्यांनी स्वतःच्या शेतात कामे काढून लोकांना जेवू घातले. त्यांना त्या कामातून पीक हवे होते का, मजुरी वाचवायची होती का? नाही. फळ शून्य, पण समोरच्या माणसाच्या पोटात भाकरी गेली की नाही, तीही त्याला मिंधे न वाटता गेली की नाही, यावर पूर्ण लक्ष. निरिच्छ अधिकारी आणि निरिच्छ संत यांच्यात जो फरक आहे तो इच्छेचा नाही, अनुबंधाचा आहे. आणि ज्यांनी माती वाहिली त्यांच्याबद्दल एक सांगितले पाहिजे: ती माणसे निष्काम नव्हती, भुकेली होती, आणि भुकेल्याला निष्कामता शिकवण्याचा अधिकार कोणाला नाही. त्यांच्या हातचा बांध आजही पाणी अडवतो.

या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप परंपरेतूनच येतो. ज्ञान झाल्यावर शरीर का टिकते, याला आपल्या दर्शनांनी दिलेले प्रसिद्ध उत्तर कुंभाराच्या चाकाचे आहे. कुंभाराने काठी उचलली तरी चाक आधीच्या वेगाने काही काळ फिरत राहते; तसे ज्ञान्याचे शरीर उरलेल्या संस्कारांवर चालते. सांख्यकारिकेत हा दृष्टान्त आहे आणि वेदान्तानेही प्रारब्ध समजावताना तो घेतला. म्हणजे मुक्तीचे आदर्श चित्रच सुट्या चाकाचे ठरले. मग मी बांधलेल्या चाकाला मोठेपण देतो ते कशाच्या आधारावर? याचे उत्तर दोन टप्प्यांत द्यावे लागेल. पहिला टप्पा: हा दृष्टान्त ज्ञान्याच्या देहाची स्थिती वर्णन करतो, साधकाने कसे वागावे याची आज्ञा देत नाही. ज्याची काठी उचलली गेलेली नाही त्याने चाक आपोआप फिरते असे मानणे म्हणजे दुसऱ्याच्या ज्ञानावर स्वतःचा आळस चालवणे. दुसरा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. ज्ञान्यानेही कर्म करावे का, यावर आपल्याकडे खरा वाद आहे. शंकराचार्यांच्या भाष्याचा कल ज्ञानानंतर कर्मसंन्यासाकडे आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ मध्ये लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त नेमका हाच मुद्दा खोडून काढला. त्यांचे मुख्य साधन होते तिसऱ्या अध्यायातला लोकसंग्रह, म्हणजे लोकांना योग्य वाटेवर धरून ठेवण्याचा विचार. अज्ञानी माणूस आसक्तीने ज्या हिरिरीने काम करतो, त्याच हिरिरीने ज्ञान्याने आसक्तीविना करावे, असे तिथे सांगितले आहे. हिरिरी तीच, हे महत्त्वाचे. ज्ञान्याचे पायडल मंद होत नाही. या वादात मी टिळकांच्या बाजूचा आहे, आणि कारण सरळ आहे: लोक ज्याच्याकडे पाहून चालतात, त्याने पाय उचलून बसणे हाही एक परिणाम घडवणारे कर्मच असते. तिसऱ्याच अध्यायात म्हटले आहे, की कोणीही क्षणभरसुद्धा कर्म न करता राहू शकत नाही. सुटे चाक ही गोष्ट विसरायला लावते.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो. चाक म्हणजे संसार, चाकाला बांधलेला म्हणजे बद्ध. सगळी साधना त्यातून सुटण्यासाठी असताना बांधलेपणाची स्तुती कशाला? बौद्ध परंपरेत तर धम्मपदाची पहिली गाथाच सांगते, की दूषित मनाने बोलणाऱ्या-वागणाऱ्यामागे दुःख असे येते, जसे गाडी ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागून चाक येते. खिल्लार बैलांच्या या मुलखात हा दृष्टान्त कोणाला उलगडून सांगावा लागणार नाही. पण गाथा नीट पाहिली तर ती चाक सोडायला सांगत नाही. मागून चाक येणारच आहे. मन कसे आहे यावर सगळे ठरते. पुढची गाथा निर्मळ मनामागून येणाऱ्या सुखासाठी सावलीचा दाखला देते, आणि सावलीही सुटत नाही. ‘सुख’ आणि ‘दुःख’ या शब्दांची एक व्युत्पत्ती काही संस्कृतज्ञ सांगतात, तीही इथे आठवावी: ‘ख’ म्हणजे चाकाच्या मध्यातले आसाचे छिद्र, ते नीट बसले तर सुख, वाकडे असले तर दुःख. व्युत्पत्ती वादाची असेल, अनुभव वादाचा नाही. आऊट असलेल्या चाकावर कितीही सुंदर रस्ता त्रासच देतो, आणि त्यावरचा उपाय चाक फेकणे हा नसून तारा एकेक करून आवळणे-सैल करणे हा आहे. सुट्या चाकावर बसून माणूस संसारचक्रातून सुटत नाही; चाक त्याच्या खाली फिरतच असते, फक्त त्याला ते जाणवत नाही.

गोंदवलेकर महाराजांनी आयुष्यभर जे शिकवले त्याचा गाभा प्रपंच न सोडता नाम घेणे हा होता, आणि नामाचा अनुभव सांगणारे साधक एक टप्पा हमखास सांगतात: आधी आपण नाम घेतो, पुढे नाम आपल्याला घेऊन चालते. बांधलेल्या चाकाने वर आलेला पाय उचलून पुढे टाकावा तसेच हे आहे. एका फेऱ्याला एक नाम धरले तर १०८ मण्यांची माळ पुरी होईपर्यंत वर सांगितलेल्या दात्यांची सायकल सुमारे ५९० मीटर पुढे गेलेली असते. हा हिशेब केवळ गंमत म्हणून दिला नाही. पुनरावृत्ती म्हणजे जागच्या जागी फिरणे असे आपण मानतो. इथे तीच पुनरावृत्ती अंतर कापते. सुट्या चाकावर हे होत नाही, कारण तिथे पुनरावृत्ती हवी तेव्हा तोडता येते, आणि तोडता येणाऱ्या पुनरावृत्तीला माणसाला पुढे नेण्याइतका वेग कधी येत नाही.

आता तो आक्षेप, जो मला सर्वांत जास्त टोचतो. माणदेश पर्जन्यछायेत आहे. इथे पाण्याच्या हंड्यांनी, दुधाच्या किटल्यांनी, वैरणीच्या पेंढ्यांनी सायकली लादल्या गेल्या. चारा छावण्यांत माणसे जनावरांसह महिनोन्‌महिने राहिली. चेतना सिन्हा यांनी १९९७ साली म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. त्यांच्याच माणदेशी फाउंडेशनने शाळा लांब असलेल्या मुलींना सायकली मिळाव्यात म्हणून काम केले. त्या मुलीसाठी सायकल म्हणजे शाळा सुटणे आणि न सुटणे यांमधला फरक आहे. अशा जागी हेतूशिवाय सायकल चालवण्याचे तत्त्वज्ञान मांडणे म्हणजे पोट भरलेल्यांची चैन नाही का? आक्षेपातला अर्धा भाग मी निमूट मान्य करतो. ज्याला दुष्काळ दिसत नाही, ज्याला रस्ता केवळ देखावा वाटतो, त्याचे भटकणे हे पुन्हा सुटे चाकच आहे. गावातून जातो पण गाव त्याच्या पायाला लागत नाही. पण दुसरा अर्धा भाग मला चुकीचा वाटतो. गरजवंताच्या वाट्याला फक्त उपयोग आणि खाऊनपिऊन सुखी असलेल्याच्या वाट्याला निरुद्देश आनंद, ही वाटणी आपण का मान्य करावी? मार्गशीर्ष प्रतिपदेला म्हसवडात सिद्धनाथाचा रथ दोर लावून ओढतात, ‘सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं’ म्हणत गुलाल उधळतात, तेव्हा त्यात बाजाराचा उपयोग किती असतो? रथ जिथून निघतो तिथेच परत येतो. तो ओढणाऱ्यांत शेतकरी असतात, मेंढपाळ असतात, घोंगडी विणणारे असतात. त्यांना पोचायचे कुठेच नसते, आणि दोर मात्र कोणी सैल सोडत नाही, कारण सैल सोडला तर शेजारच्याच्या अंगावर भार येतो. फळ नाही, अनुबंध पुरा. चैनीची टीका त्यांच्यावर कोणी करत नाही. तेव्हा निरुद्देश फिरणे ही श्रीमंती नव्हे, आणि शाळेला सायकलवर जाणाऱ्या मुलीला परतताना वाट थोडी वाकडी करून तलावाच्या काठाने यावेसे वाटले तर तो तिचा हक्क आहे, असे मी म्हणतो. तिच्या सायकलीचा उपयोग सिद्ध करत बसण्याच्या नादात आपण तिच्याकडून तेवढाही वेळ काढून घेऊ नये.

यंत्रावरून धर्म शिकू नये, असेही कोणी म्हणेल. पण कठोपनिषदाने शरीराला रथ म्हटले, प्रश्नोपनिषदाने प्राणात सारे कसे स्थिर आहे हे सांगायला नाभीतल्या आऱ्यांचा दाखला दिला, गीता स्वतः रथावर सांगितली गेली आणि तिच्या शेवटच्या अध्यायात सर्व भूते यंत्रावर बसवल्यासारखी फिरवली जातात असे वाक्य आहे. त्या काळचे यंत्र रथ होते. प्रश्न एवढाच, की दृष्टान्त यंत्राच्या खऱ्या रचनेवर टिकतो की नाही, आणि तो तपासायला हात काळे करावे लागतात. तपासताना दोन गोष्टी सापडतात, ज्या आधी कल्पनेत नव्हत्या. पहिली ब्रेकची. पायांनी चाक आवरता येते म्हणून काहीजण बांधलेल्या चाकाला ब्रेकच लावत नाहीत. हे चूक आहे. साखळी निसटली तर पायांचा रेटा चाकापर्यंत पोचतच नाही, आणि समोरून येणाऱ्या शेळीला किंवा लेकराला तुमच्या तत्त्वज्ञानाशी देणेघेणे नसते. अनुबंधाची चाड असलेल्याने पुढचा ब्रेक लावलाच पाहिजे. फ्रीव्हील वेल्डिंगने जाम करून साध्या हबवर बसवण्यातही हाच धोका आहे: मागे रेटा दिला की त्याचे आटे उलगडू लागतात. खऱ्या फिक्स्ड हबवर दातेरी चक्राच्या बाहेरून आणखी एक कडे असते आणि त्याचे आटे उलट्या दिशेचे असतात. ज्या रेट्याने चक्र सैल व्हायचे, त्याच रेट्याने ते कडे अधिक घट्ट होते. दुसरी गोष्ट दात्यांच्या संख्येची. मागचे चाक पायांनी रोखून घसरवत थांबण्याची ज्यांना सवय असते, त्यांचा टायर ठराविक जागी झिजतो, आणि ती जागा दाते ठरवतात. पुढे ४८ आणि मागे १६ दाते असतील तर तीनास एक असा पुरा भाग जातो, म्हणून त्याच पायावर रोखलेले चाक दर वेळी टायरच्या त्याच जागी घासते आणि तिथे लवकर धागे दिसू लागतात. मागे १७ दाते घातले तर झीज सतरा जागी वाटली जाते. संस्कार म्हणजे काय, एकच कृती त्याच मनाने पुन्हापुन्हा केली की चित्ताची तीच जागा कशी पातळ होते, हे याहून स्पष्ट मला कुठल्या पोथीत दिसलेले नाही.

एक शंका मात्र उरते, आणि ती या मांडणीच्या मुळाशी जाते. परिणामाशी बांधून घेतलेला माणूस चिंतेने पिचून जाणार नाही का? प्रत्येक कर्माचा पुढचा धागा पाहत बसला तर त्याला पाऊल उचलता येणार नाही. फळाची आसक्ती गेली तरी परिणामाची आसक्ती तितकीच जाळेल. यावर गीतेने अठराव्या अध्यायातच मर्यादा घातली आहे. कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. कर्ता या पाचांतला एक आहे. एक आहे म्हणून जबाबदारी सुटत नाही, आणि एकच आहे म्हणून सारे ओझे त्याच्यावर येत नाही. या दोन्हींच्या मधली जागा शब्दांत धरणे अवघड आहे, पण सायकल उघडणाऱ्याला ती बोटाने धरता येते. बांधलेल्या चाकाची साखळी फार ताणली तर पायडल जड होते, छर्रे रडू लागतात, आस झिजतो. फार सैल ठेवली तर ती ऐन उतारावर निसटते. म्हणून साखळीच्या मधोमध बोट ठेवून दाबून पाहायचे. वरखाली मिळून अर्ध्या इंचाच्या आसपास हलली की झाले. चक्र कधीच अगदी गोल नसते, त्यामुळे पायडल सावकाश फिरवत सर्वांत घट्ट जागा शोधायची आणि ताण त्या जागी पाहायचा. मग मागचे दोन्ही नट थोडे थोडे करून आवळायचे, चाक चिमट्याच्या मधोमध आहे ना ते पाहत. महिनाभर चालवल्यावर साखळी पुन्हा थोडी वाढते, आणि पाना घेऊन चाक खाचेत परत जरासे मागे ओढावे लागते.